जामखेडचा वर्ग: दोन डॉक्टर आणि त्यांच्या शाळा न पाहिलेल्या विद्यार्थिनी

हा आपल्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बसमध्ये चढल्यावर ज्यांना इअरफोन घरी राहिल्याचं आठवतं, त्यांच्यासाठी खास. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘अं... म्हणजे...’ कमी केलेत.

जामखेड म्हटलं की आपल्यासारख्या इतिहासवेड्या लोकांना दोन गोष्टी आठवतात. पहिली खर्ड्याची लढाई, १७९५ सालची, मराठे विरुद्ध निजाम. दुसरी चौंडी, अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव. दोन्ही ठिकाणं जामखेड तालुक्यातली. जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर.

आज तिसरी गोष्ट सांगणार आहे. ही आपल्या आजी-आजोबांच्या काळातली आहे, त्यामुळे तिला कोणी पटकन इतिहास म्हणत नाही. पण जगातल्या कितीतरी देशांत सार्वजनिक आरोग्य शिकवताना जामखेडचं नाव येतं, आणि आपल्याला मात्र ते नगर-बीड रस्त्याकडचं एक एसटी स्टँड म्हणून माहीत असतं. मलाही तसंच माहीत होतं. गेल्या दिवाळीपर्यंत.

मावशीचा फोन

मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मूळचा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला. आष्टी आणि जामखेड शेजारी-शेजारी, मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द. माझी मोठी मावशी गावात आशा कार्यकर्ती आहे. घरात कोणी बीटेक झालं की सगळ्या नातेवाइकांचे फोन दुरुस्त करायचं काम आपोआप त्याच्याकडे येतं, हे तुम्हाला सांगायला नको. तर दिवाळीत मावशीनं फोन माझ्या हातात दिला. “बघ रे बाबा, यात माहिती भरते आणि ती जातच नाही. गोल गोल फिरतंय नुसतं.”

मी ते ॲप उघडलं. एका बाळाच्या भेटीची नोंद करायला इतके रकाने की माझाच अंगठा दुखायला लागला. वरून तीच माहिती रजिस्टरमध्ये हातानं लिहायची. मी कॅशे साफ करत बसलो होतो, तेवढ्यात रात्री नऊच्या सुमाराला शेजारच्या गल्लीतल्या काकू धावत आल्या. सून बाळंत होऊन नऊ दिवस झाले होते, आणि बाळ दुपारपासून दूध ओढत नव्हतं.

मावशी उठली, पिशवी घेतली. मी मागोमाग टॉर्च घेऊन. तिनं आधी बाळाच्या तळपायाला हात लावला. थंड. थर्मामीटर काखेत. मग घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. बाळाला आईच्या उघड्या छातीशी लावलं, वरून दोघांना एकाच गोधडीत गुंडाळलं, आणि मला म्हणाली, “१०८ला फोन लाव.” गाडी आली तेव्हा तिनं आईला तीनदा बजावलं, “गाडीत बाळ अंगापासून बाजूला करायचं नाही.”

बाळ आठवडाभर दवाखान्यात राहिलं आणि सुखरूप घरी आलं. शेवट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उरलेला भाग काळजीत ऐकाल.

परत येताना मी विचारलं, “हे सगळं ट्रेनिंगमध्ये शिकवतात?”

“थोडं ट्रेनिंगमध्ये,” मावशी म्हणाली. “बाकी आक्कानं शिकवलं.”

आक्का म्हणजे मावशीच्या नात्यातल्या, जामखेडकडच्या एका गावातल्या म्हाताऱ्या बाई. आता हयात नाहीत. अंगठा उठवणाऱ्या. पण मावशी सांगते की गावातली अर्धी तरणी पोरं आक्काच्या हातावर जन्मली. आणि आक्का नेहमी एक वाक्य म्हणायच्या, “आधी लेकरू बघ, मग कागद बघ.”

“आक्का कुठे शिकल्या मग?”

“जामखेडला. आरोळे डॉक्टरांच्या वर्गात.”

इथून मी वाचायला सुरुवात केली.

शस्त्रक्रिया येणारा माणूस खेड्यात काय करतो?

डॉ. रजनीकांत आरोळे यांचा जन्म १९३४ सालचा, नगर जिल्ह्यातल्या सुप्याचा. आई-वडील दोघंही शिक्षक. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. डॉ. मेबल यांचा जन्म १९३५चा, वाढल्या जबलपूरला. दोघांची भेट झाली तमिळनाडूत, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये. १९६०मध्ये लग्न केलं, आणि खेड्यातल्या गरिबांसाठीच काम करायचं हे तेव्हाच ठरवून टाकलं.

सुरुवातीला ते नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलमध्ये होते. दिवसरात्र पेशंट. अतिसार झालेली मुलं, धनुर्वात झालेली बाळं, अडलेल्या बाळंतिणी, क्षय. मूल मरायला टेकलेलं आणायचे, सलाइन लावून वाचवायचं, घरी पाठवायचं. दोन महिन्यांनी तेच मूल परत दारात. गावातलं पाणी तेच, घरातली भूक तीच, मग दुसरं काय होणार?

माझ्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. सर्व्हर रोज रात्री बंद पडतो, तुम्ही रोज सकाळी तो रीस्टार्ट करता, आणि सगळे म्हणतात वा, काय मेहनती माणूस आहे. पण बग तसाच आहे. बहुतेक पेशंटना झालेले आजार मुळात टाळता येण्यासारखे आहेत, हे या दोघांच्या लक्षात आलं, आणि हॉस्पिटलच्या चार भिंतींत बसून ते टळणार नाहीत हेही कळलं.

साठच्या दशकाच्या मध्यावर ते अमेरिकेला गेले. क्लिनिकल शिक्षण तर घेतलंच, पण नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. तिथे त्यांना शिकवायला होते डॉ. कार्ल टेलर. हे स्वतः मिशनरी कुटुंबातले, लहानपण भारतात गेलेले, आणि पंजाबात नारंगवालला ग्रामीण आरोग्यावर मोठं संशोधन केलेले. आरोळे दाम्पत्यानं आपल्या कामाचा आराखडा तिथेच तयार केला.

आता विचार करा. १९७० साल. हातात अमेरिकन डिग्री. तिथेच राहिले असते तर कोणी नाव ठेवलं नसतं. ते परत आले, आणि येऊन बसले जामखेडला. कायम दुष्काळी पट्टा. पावसाचा भरवसा नाही, निम्मं गाव ऊसतोडीला बाहेर. दवाखान्यासाठी जागा कुठली मिळाली? गुरांच्या दवाखान्याची पडीक इमारत. सुरुवात तिथून.

पहिला प्रयोग फसला

ही मला या गोष्टीतली सगळ्यात आवडती जागा वाटते, कारण यशोगाथांमध्ये ती हमखास गाळली जाते.

मूळ योजना अशी होती की प्रत्येक गावात एक शिकलेली नर्स राहील. कागदावर एकदम बरोबर. पण शहरातून शिकून आलेली तरुण मुलगी, एकटी, वीज नसलेल्या गावात राहणार कशी? तिच्या सुरक्षिततेचं काय? आणि राहिली तरी गावातल्या बायका तिचं ऐकतील का? ती परकी, तिची भाषा वेगळी. योजना चालेना.

मग गावातूनच सूचना आली. आमच्याच गावातली एखादी बाई शिकवा की. ती कुठे पळून जाणार नाही.

इथे डॉक्टरांपुढे खरा प्रश्न उभा राहिला. गावात शिकलेली बाई होतीच किती? ज्या बायका पुढे आल्या त्यांतल्या बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कितीतरी दलित वस्तीतल्या, कोणी विधवा, कोणी नवऱ्यानं टाकलेली. अशा बाईच्या हातात औषधाची पिशवी द्यायची? बाळंतपण सोपवायचं? आणि तीही अशा देशात, जिथे डॉक्टर म्हणजे देव आणि त्याचं अक्षर केमिस्टशिवाय कुणाला वाचता येऊ नये असा जणू नियमच!

आरोळे दाम्पत्यानं हो म्हटलं. एक मात्र पक्कं ठरवलं. निवड गावानं करायची. आणि शिकवणं एकदाच उरकून टाकायचं नाही.

वर्ग कसा चालायचा

बायका दर आठवड्याला जामखेडला यायच्या, मुक्कामाला राहायच्या आणि शिकून परत जायच्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा. वर्षानुवर्षं. कोर्स संपला, सर्टिफिकेट घ्या आणि फोटो काढा, असा प्रकारच नव्हता.

राहायचं एकत्र, जेवायचं एकत्र, झोपायचं एकाच खोलीत. वरवर ही साधी हॉस्टेलची व्यवस्था वाटेल. पण सत्तरच्या दशकातलं नगर जिल्ह्यातलं खेडं डोळ्यांसमोर आणा. मराठा घरातली बाई आणि महार किंवा मांग वस्तीतली बाई एका पंगतीला? सुरुवातीला बायका बिचकल्या, कुरकुरल्या. पण शिकवण्याइतकंच हे एकत्र राहणंही अभ्यासक्रमात होतं. जी बाई जामखेडला दुसऱ्या जातीच्या बाईशेजारी झोपायला शिकत नाही, ती गावात तिच्या घरी जाऊन बाळंतपण काय करणार?

शिकवणं फळ्यावरून नव्हतं, कारण फळा वाचणार कोण? गोष्टी, गाणी, चित्रं, आणि मुख्य म्हणजे गेल्या आठवड्यात काय घडलं त्याची चर्चा. तुझ्या गावात कोण आजारी पडलं? तू काय केलंस? काय चुकलं? आता काय करशील? बाई उभी राहून सांगणार, बाकीच्या विचारणार, डॉक्टर मध्ये मध्ये भर घालणार. आमच्या कंपनीत एखादी गडबड झाली की दुसऱ्या दिवशी बैठक होते. कोणावर खापर फोडायचं नाही, फक्त काय आणि का बिघडलं ते शोधायचं. जामखेडला ते दर आठवड्याला होत होतं, तेही पन्नास वर्षांपूर्वी आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांसोबत.

शिकवलं काय? ऐकायला अगदी साधं. बाळंतपणाआधी हात साबणानं धुवायचे. नाळ विळ्यानं कापायची नाही, नवं स्वच्छ ब्लेड आणि स्वच्छ दोरा वापरायचा. नुसत्या एवढ्यानं आणि आईच्या लशीनं बाळाचा धनुर्वात थांबतो. जुलाब लागलेल्या मुलाचं पाणी तोडायचं नाही. उलट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोटघोट पाजत राहायचं. मुलाच्या दंडाचा घेर मोजायचा, म्हणजे कोण उपाशी आहे ते कळतं. खोकला बरेच दिवस राहिला तर क्षयाची शंका घ्यायची. अंगावर बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची. आणि कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढायचं नाही, घरीच ठेवून औषध द्यायचं.

पण पहिला धडा यातला कुठलाच नव्हता. पहिला धडा होता तोंड उघडायचा. जन्मभर कोणाची तरी सून, कोणाची तरी बायको म्हणून जगलेल्या बाईनं चार लोकांत उभं राहून “मला असं वाटतं” म्हणणं. मेबल डॉक्टरांनी यावर फार मेहनत घेतली. आपल्याला काही कळतं असं जिला स्वतःलाच वाटत नाही, तिचं गाव कशाला ऐकेल?

शिक्षक आई-वडिलांचा मुलगा म्हणून मघाशी सांगितलं होतं ना, ते यासाठी. मला वाचताना सारखं वाटत राहिलं की आरोळ्यांच्या हातातलं मोठं हत्यार त्यांचा वर्ग होता. कात्री-चिमटे दुसऱ्या नंबरवर.

मागे यंत्रणाही होती बरं का. गावात ही आरोग्य कार्यकर्ती, ठरावीक दिवशी गावोगाव फिरणारं नर्स आणि इतर सहकाऱ्यांचं पथक, आणि जामखेडला हॉस्पिटल. बाईला जे जमणार नाही ते वर पाठवायचं. वर कोणीतरी आहे हे माहीत असल्यामुळेच ती खाली ठामपणे उभी राहू शकत होती.

व्हॉलीबॉल आणि बोअरवेल

१९७२चा दुष्काळ तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. आमच्याकडे अजून वय सांगताना “बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो” असं सांगतात. त्या दुष्काळात जामखेडला डॉक्टर काय करत होते? मुलांसाठी अन्नछत्रं आणि पाण्यासाठी बोअरवेल.

आरोळ्यांनी गावातल्या पुरुषांशी ओळख कशी काढली, तर व्हॉलीबॉल खेळून. खेळ संपला की गप्पा, गप्पांतून शेती, शेतीतून पाणी, पाण्यातून जुलाब. अशी तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. नंतर महिला मंडळं.

आणि बोअरवेल घ्यायची जागा ठरवताना त्यांनी मुद्दाम एक गोष्ट केली. दलित वस्तीच्या बाजूला बोअर घेतली. म्हणजे दुष्काळात सगळ्या गावाला पाण्यासाठी तिथेच यावं लागणार. भाषण नाही, मोर्चा नाही. तहान लागली की पाय आपोआप वळतात. एका हातपंपानं जात संपली असं कोणी म्हणणार नाही, पण ज्या वस्तीला गावच्या विहिरीवर यायची बंदी होती, तिच्या दारात गाव घागर घेऊन उभं राहिलं.

आकडे काय म्हणतात

आपण आकडेवाले लोक आहोत, तर आकडे बघू. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१मध्ये या भागात जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६मध्ये हा आकडा ५२वर आला. १९९३मध्ये १९वर.

१७६ म्हणजे काय ते जरा थांबून बघा. साधारण सहा बाळांत एक. घरात पाच-सहा बाळंतपणं व्हायची तो काळ, म्हणजे जवळपास प्रत्येक आईनं एक मूल पुरलेलं. आपल्या आज्ज्या-पणज्या “मला सात झाली, चार जगली” असं इतक्या शांतपणे का सांगायच्या, ते इथे कळतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण ती न सांगता पुढे गेलो तर ही नुसती आरती होईल. हे आकडे प्रकल्पाचे स्वतःचे. बाहेरच्या संशोधकांनी नंतर जामखेडची गावं आणि आसपासची प्रकल्पात नसलेली गावं यांची तुलना केली. तो अभ्यास २०१०मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आला. त्यांना दिसलं की महिन्याहून मोठ्या, पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू प्रकल्पाच्या गावांत सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. पण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात फारसा फरक दिसला नाही. म्हणजे अगदी कोवळ्या बाळांचा प्रश्न उरलाच होता.

तो प्रश्न धरला आपल्याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी. गावातल्याच बाईला नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवून त्यांनी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी करून दाखवले. १९९९मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. दिवाळीच्या रात्री माझी मावशी घड्याळात बघून जे श्वास मोजत होती, ते मोजणं या कामातून देशभर गेलेलं आहे. आक्कांच्या हाताखाली शिकलेली बाई गडचिरोलीची पद्धत वापरत होती, आणि तिला स्वतःला यातलं एकही नाव पाठ नव्हतं.

जामखेड जगात पोहोचतं

१९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं जगभरातल्या अशा प्रयोगांवर एक पुस्तक काढलं. त्यात जामखेडवर प्रकरण होतं. १९७८मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या आल्मा-आता शहरात १३४ देश जमले आणि त्यांनी ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय मान्य केलं. त्या जाहीरनाम्याच्या घडणीत आरोळ्यांचे गुरू कार्ल टेलर होते. गावातल्या माणसांना हाताशी धरल्याशिवाय आरोग्य पोहोचत नाही, हे त्यात आलं.

१९७९मध्ये दोघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार. १९९०मध्ये पद्मभूषण. मेबल डॉक्टर पुढे युनिसेफमध्ये दक्षिण आशियासाठी काम करू लागल्या. नव्वदच्या दशकात जामखेडला रीतसर प्रशिक्षण संस्था सुरू झाली आणि देशोदेशींचे डॉक्टर, नर्स, सरकारी अधिकारी तिथे शिकायला येऊ लागले. त्यांना शिकवायला उभं कोण राहायचं? त्याच बायका. ज्यांना वाचता येत नव्हतं त्या आता डॉक्टरांचा वर्ग घेत होत्या.

यातल्या मुक्ताबाई पोळ यांची एक हकीकत प्रसिद्ध आहे. १९८८मध्ये त्यांना अमेरिकेत वॉशिंग्टनच्या एका आरोग्य परिषदेत बोलायला नेलं. सभागृहात मोठी झुंबरं लटकत होती. मुक्ताबाई म्हणाल्या त्याचा अर्थ असा, की डॉक्टर या झुंबरांसारखे. सुंदर, महाग, आणि हात न पोहोचणारे. मग त्यांनी पिशवीतून दोन साध्या वातीच्या पणत्या काढल्या. एक पेटवली, तिच्यावरून दुसरी पेटवली. आम्ही अशा आहोत, स्वस्त, साध्या, पण आमच्यावरून दुसरी लागते. सभागृह उठून उभं राहिलं म्हणतात. मला विचाराल तर आक्का आणि मावशी म्हणजे तेच झालं.

आशा: बाई घेतली, वर्ग राहिला

आता आपल्या काळात येऊ. एप्रिल २००५मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि त्यात ‘आशा’ आली. साधारण हजार लोकवस्तीमागे गावातलीच एक बाई. यामागे जामखेड, गडचिरोली, छत्तीसगडची मितानीन असे बरेच प्रयोग होते, आणि योजनेला सल्ला देणाऱ्या मंडळींमध्ये रजनीकांत आरोळे स्वतः होते. आज देशात दहा लाखांच्या घरात आशा आहेत. २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांचा गौरव केला. मेबल डॉक्टर १९९९मध्ये गेल्या आणि रजनीकांत डॉक्टर २०११मध्ये. त्यांनी हयातभर मांडलेली गोष्ट देशाच्या धोरणात आली, हे आरोळ्यांना बघायला मिळालं. ही केवढी मोठी गोष्ट आहे!

मग माझा जीव कुठे अडकतो?

आशाचं सुरुवातीचं प्रशिक्षण ठरलं २३ दिवसांचं. पुढे आणखी टप्पे आले, चांगले आले. पण जामखेडचा दर आठवड्याचा, न संपणारा वर्ग काही आला नाही. माझी मावशी सांगते त्यावरून तिच्या बैठकीत चर्चा असते ती मुख्यतः नोंदींची. किती भरल्या, किती राहिल्या, कोणाची लाल दिसतेय. “तुझ्या गावात या महिन्यात काय घडलं आणि तू काय केलंस” हा प्रश्न तिला शेवटचा कोणी विचारला ते तिला आठवत नाही. त्या रात्रीच्या बाळाबद्दलही कोणी विचारलं नाही. सहा भेटींच्या फॉर्ममधली एक भेट उशिरा भरली, तेवढं मात्र विचारलं.

आणि दुसरी गोष्ट पैशाची. जामखेडच्या बायका पगारी नव्हत्या. त्यांना गावात मान मिळे, कर्ज आणि प्रशिक्षण मिळे, त्यातून शेळ्या किंवा छोटा धंदा उभा राही. तेवढ्या छोट्या, जिवाभावाच्या जागी ते जमून गेलं. पण तीच ‘सेवाभावी’ ही कल्पना दहा लाख बायकांना लावायची, कामागणिक ठरावीक रक्कम द्यायची, आणि वर अपेक्षा मात्र पूर्णवेळ नोकरीची ठेवायची? याला जामखेडचं नाव घेऊ नये, असं मला वाटतं. ज्या डॉक्टरांनी आपल्या हातातलं ज्ञान दुसऱ्याच्या हातात दिलं, त्यांचा दाखला देऊन आपण बाईच्या हातात फक्त काम देतो.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण दुसऱ्यांवर बोट दाखवणं सोपं असतं. असे फॉर्म माझ्यासारखाच कोणीतरी बनवतो. मी स्वतः एका कामात डॅशबोर्ड बनवलेत. रकाना वाढवायला मला दहा मिनिटं लागतात. तो भरायला समोरच्याला आयुष्यभर रोज दोन मिनिटं लागतात, हा हिशोब मी कधी केला नव्हता. वापरणाऱ्या बाईला विचारलंही नव्हतं. आरोळ्यांचा पहिला प्रयोग फसला तेव्हा त्यांनी गावाला विचारलं. आमच्याकडे प्रयोग फसला की आम्ही आणखी एक रकाना वाढवतो आणि तो सक्तीचा करतो.

दिवाळीनंतर मी एक केलं. फार मोठं नाही. मावशी आणि तिच्या ओळखीच्या चार आशाताई आता रविवारी रात्री फोनवर एकत्र येतात, मी फक्त कॉल जोडून देतो आणि आवाज बंद करून ऐकतो. एकीनं आठवड्यातली एक गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी विचारायचं. पहिल्या रविवारी सगळ्या गप्प होत्या. दुसऱ्या रविवारी मावशीनं त्या थंड पडलेल्या बाळाची गोष्ट सांगितली. तिसऱ्या रविवारी कॉल दीड तास चालला आणि माझ्या फोनचं चार्जिंग संपलं.

जामखेडचा प्रकल्प आजही चालू आहे, आरोळ्यांची पुढची पिढी तो चालवते. कधी खर्ड्याचा किल्ला बघायला त्या बाजूला गेलात तर जामखेडलाही थांबा.

आणि जाता जाता गृहपाठ. तुमच्या गावातल्या किंवा वस्तीतल्या आशाताईंचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आईला विचारा, तिला नक्की माहीत असेल. मग त्या ताईंना एकदा भेटा आणि एवढंच विचारा, “ताई, या आठवड्यात काय झालं?” आणि गप्प बसून ऐका.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या, पाणी उकळून प्या. येतो!